एकतीस वर्षं आणि वीस बाटल्या

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केलेल्या या गृहस्थांना सगळं कॉलेज लिटमसकाका म्हणायचं. हे नाव ज्या कुणा पोराने ठेवलं, त्याला निदान तेवढं तरी रसायनशास्त्र येत असणार. काकांचा चेहरा रागाने क्षणात लाल व्हायचा आणि धुतलेलं बेसिन दिसलं की तितक्याच झटकन निवळायचा. हुद्दा विचाराल तर प्रयोगशाळा परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या, बर्नर तपासायचे आणि प्राध्यापक मंडळी चहाला गेली की वर्ग सांभाळायचा. मंडळींना चहा फार लागायचा, त्यामुळे वर्ग सांभाळायचं काम बरंच पडायचं.

काकांचं स्वतःचं शिक्षण शाळेतच आटोपलेलं. पण शिस्त म्हणाल तर ती त्यांच्या हाडीमाशी मुरलेली होती. दाराशेजारी त्यांनी आपल्या हाताने नियमांचा फळा रंगवून लावला होता आणि नवी बॅच आली की त्या फळ्यापुढे उभं करून ते तासभर प्रवचन द्यायचे. एप्रनची सगळी बटणं लावायची. काहीही झालं तरी जिभेला काही लावायचं नाही. वास घ्यायचा तर हाताने वारा घालून लांबून घ्यायचा, बाटलीत नाक खुपसायचं नाही. आणि या सगळ्यांहून त्यांचा लाडका नियम जर्नलचा होता.

"चुकलेलं पुसायचं नाही," काका बोट नाचवत सांगायचे. "रबर घरी ठेवायचा, नाहीतर मी खिडकीतून फेकीन. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची. सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं, शेजारी सही आणि सहीखाली तारीख. चूक झाकली की ती दुप्पट होते. कळलं का, शास्त्रज्ञ?"

फळ्यावरचा शेवटचा नियम मात्र कुठल्या पुस्तकातला नव्हता. 'विनाकारण प्रश्न विचारून काम लांबवू नये.' याचं शास्त्रीय कारण असं, की पावणेपाचची बस चुकली की काकांना पुढच्या बससाठी पाऊण तास थांब्यावर तिष्ठत बसावं लागायचं.

या माणसाला आयुष्यात अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बाटली चुकली नव्हती. परीक्षेला प्रत्येक मुलाला एकेक नंबर घातलेली बाटली मिळते. आत कुठला तरी पांढरा क्षार असतो आणि तो कुठला, हे मुलांनी प्रयोग करून शोधायचं असतं. या बाटल्या काका भरायचे. एवढ्या वर्षांत कुठल्या नंबरात काय भरलं, याबद्दल कुणाला कधी शंका घ्यावी लागली नाही. हे काका कुणालाही सांगायचे. बसच्या कंडक्टरला सांगून झालं होतं, दाढी करणाऱ्याला सांगून झालं होतं आणि साडूला तर दर भेटीत सांगायचे. साडूंना त्यांच्या कचेरीने सेवेबद्दल दोन पदकं दिली होती. ती त्यांनी दिवाणखान्यात अशा जागी लावली होती, की पाणी प्यायला मान वर केली तरी ती डोळ्यांत भरावीत.

"निवृत्तीच्या दिवशी मानपत्र मिळणारे," काका बायकोला म्हणाले होते. "विभागप्रमुखांनी मजकूर दाखवला. 'एकतीस वर्षांत एकही चूक न करता.' असं शब्दशः लिहिलंय. तुझ्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला पहिल्या रांगेत बसव."

बायको शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून तिने मान हलवली. घरात साखरेच्या, चहाच्या, मिठाच्या डब्यांवरसुद्धा नवऱ्याने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि तीस वर्षं ती त्या चिठ्ठ्यांकडे न बघता स्वयंपाक करत आली होती.

निवृत्तीला तीन महिने राहिले तेव्हाची ही गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या त्या वर्गात वीस मुलं होती. त्यातली दोन काकांना चांगली ओळखू यायची. एकाचं नाव त्यांनी मनात टापटीप ठेवलं होतं. इस्त्रीचा एप्रन, वेळेच्या आधी पाच मिनिटं हजर, तोंडात सदा 'हो काका', 'धन्यवाद काका'. त्याच्या परीक्षानळ्या परत यायच्या त्या इतक्या लख्ख, की पुन्हा धुवायला नकोत. कॉलेजने त्या वर्षी उत्तम वर्तणुकीचं बक्षीस सुरू केलं होतं आणि प्रमुखांनी काकांचंही मत मागवलं होतं. काकांचं मत ठरलेलंच होतं.

दुसरी होती पणवाली. हे नाव मुलांनीच तिला दिलं होतं, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण' ने सुरू व्हायचं. "पण सर, हा थेंब टाकल्यावरच का?" "पण काका, हेच पुन्हा केलं तर तसंच येईल का?" तिचं टेबल म्हणजे रणांगण. नळ्या उलट्यासुलट्या पडलेल्या, बेसिनमध्ये तीन रंगांचा गाळ, बोटांवर डाग. सगळा वर्ग निघून गेला तरी ही बर्नरपुढे डोळे बारीक करून उभी. तिच्यापायी काकांची पावणेपाचची बस आठवड्यातून दोनदा तरी चुकायची. त्यांनी तिला एकदा हाताला धरून फळ्यावरच्या शेवटच्या नियमापुढे नेऊन उभं केलं होतं. तिने तो लक्षपूर्वक वाचला आणि विचारलं, "पण काका, विनाकारण म्हणजे कुठले, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?" काका इतके लाल झाले, की टापटीपने धावत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं.

प्रात्यक्षिक परीक्षा गुरुवारी होती. तिच्यात नापास होणाऱ्याला वार्षिक परीक्षेला बसता येत नसे, म्हणजे वर्ष बुडालंच.

आता एक उघडं गुपित सांगून टाकलं पाहिजे. कुठल्या नंबरात कुठला क्षार, ही यादी विभागप्रमुखांनी अकरा वर्षांपूर्वी केली होती आणि त्यानंतर त्यांना ती बदलायला सवड झाली नव्हती. दर वर्षी वरच्या वर्गातली मुलं ती चिठ्ठी खालच्या वर्गाला देत. एक नंबर म्हणजे अमोनियम क्लोराइड, सात म्हणजे स्ट्रॉन्शियम नायट्रेट, तेरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साधी खडूची पूड. काकांना हे ठाऊक होतं. पण कोण काय पाठ करून येतो हे बघणं सरांचं काम, आपलं काम बाटलीपुरतं, असं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं.

बुधवारी काकांनी दोन ट्रे भरले. एक परीक्षेचा, वीस बाटल्या, वीस जागी यादीप्रमाणे वेगवेगळे क्षार. दुसरा शुक्रवारसाठी. पहिल्या वर्षाच्या मुलांना पाण्यात किती मीठ विरघळतं ते मोजायचं होतं, त्यांच्यासाठी वीस बाटल्या साध्या मिठाच्या. बाटल्या सारख्याच, नंबर सारखेच, एक ते वीस. घोळ होऊ नये म्हणून काकांची पद्धत अशी, की परीक्षेच्या ट्रेवर निळं झाकण-कापड आणि दुसऱ्यावर पांढरं. कापडं बायकोने शिवलेली. पण जाता जाता सगळं स्वच्छ करून पुढच्याच्या हवाली करावं, असं काकांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून बुधवारी संध्याकाळी ती दोन्ही कापडं ते धुवायला घरी घेऊन गेले. स्वच्छतेने एखाद्याचा घात होऊ शकतो, हे त्यांच्या फळ्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

परीक्षा कशी झाली म्हणता? काकांनी उभ्या जन्मात तशी परीक्षा पाहिली नव्हती. परीक्षक म्हणून नवे सर होते, ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावं अशी शांतता. धक्काबुक्की नाही, काचेचा खळ्ळकन आवाज नाही, वास नाही, धूर नाही. मुलं अदबीने बाटली उघडत, आत बघितल्यासारखं करत, बंद करत आणि लिहायला लागत. चिठ्ठी टाकून नंबर वाटले गेले होते, टापटीपला सात नंबर आला होता. त्याने तासाभरात लिहून झाल्यावर आपल्या सहा परीक्षानळ्या रांगेत ठेवल्या. पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता.

"ही खरी शिस्त," काका नव्या सरांच्या कानाशी म्हणाले. "निवृत्त होताना ही बॅच बघायला मिळाली, भरून पावलो."

एकोणीस जण दीड तासात बाहेर. मागे राहिली फक्त पणवाली, तेरा नंबर घेऊन. तिच्या बेसिनकडे बघवत नव्हतं. तिने आम्ल टाकलं, वाट पाहिली, पुन्हा टाकलं. काही फसफसलं नाही. पूड पाण्यात टाकून ढवळली, ती विरघळून नाहीशी झाली. तारेवर घेऊन ज्योतीत धरली. क्षार ओळखायच्या तक्त्यावर बोट फिरवत वर गेली, खाली आली.

"काका, मला अजून एक स्वच्छ नळी मिळेल?"

"सातवी नळी!" काका कडाडले. "बाकीच्यांना एकसुद्धा लागली नाही! काय चाललंय काय तुझं? त्या मुलाकडे बघून तरी शीक जरा."

तिने मान खाली घातली. पण नळी घेतलीच. पाच वाजता रडवेल्या चेहऱ्याने तिने पेपर दिला. टेबल पुसायचं विसरून ती गेली. काकांनी ते पुसलं, आणि पुसताना तोंडाचा पट्टा चालू होता.

मग शुक्रवारचा मिठाचा ट्रे खाली काढून ठेवावा म्हणून ते कपाटाकडे गेले. ट्रे उचलला आणि तिथेच थबकले.

तेरा नंबरात पिठासारखी पूड होती. तीन नंबरात खडे होते. नऊ नंबरात सुयांसारखे चकाकणारे कण होते. मीठ वीस बाटल्यांत वीस प्रकारचं दिसत नसतं. काका वळले आणि परीक्षेच्या बाटल्या एकेक करून उजेडात धरत गेले. एक, दोन, तीन, वीस. सगळीकडे तोच दाणा. उजव्या हाताचं बोट आपोआप बाटलीत गेलं आणि जिभेकडे निघालं, पण एकतीस वर्षांची शिस्त आडवी आली आणि बोट हवेतच थांबलं. चाखायची गरजही नव्हती. त्या वेळी काकांच्या चेहऱ्याला जो रंग आला तो लिटमसच्या कुठल्याही तक्त्यात सापडला नसता.

ते स्टुलावर बसले. पेपरांचा गठ्ठा नव्या सरांच्या खोलीत पोचवायचा होता, तो मांडीवर होता. सगळ्यांना मीठच दिलं असेल तर एकोणीस जणांनी तासाभरात लिहिलं तरी काय? त्यांनी गाठ सोडली.

सात नंबर: 'ज्योतीला सुंदर किरमिजी रंग आला. नायट्रेटचं तपकिरी कडं अतिशय स्पष्ट दिसलं.' खाली पेन्सिलीने त्या कड्याची आकृती काढली होती, छाया देऊन. एक नंबर: 'अमोनियाचा उग्र वास आला, डोळ्यांतून पाणी आलं.' काका उठून खिडकी उघडायला निघाले होते, मग त्यांच्या लक्षात आलं, की असला वास आला असता तर तो त्यांनाही आला असता. नऊ नंबरवाल्याला पांढरा साका मिळाला होता, चौदा नंबरवाल्याला हिरवी ज्योत दिसली होती. वीस बाटल्या साध्या मिठाच्या, आणि त्यातून एवढी रंगपंचमी!

सगळ्यांत शेवटी दिलेला पेपर सगळ्यांत वर असायचा, पण गाठ सोडताना तो खाली सरकला होता. तो त्यांनी शेवटी वाचला. रेघा मारून खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, प्रत्येक रेघेशेजारी सही आणि तारीख. 'आम्लाने फसफसलं नाही. तीनदा केलं. पाण्यात पूर्ण विरघळतं. ज्योत पिवळी. सिल्व्हर नायट्रेटने दह्यासारखा पांढरा साका, म्हणजे क्लोराइड नक्की. तक्त्यातल्या कुठल्याच गटात बसत नाही. मला हे साधं मीठ वाटतं.' आणि त्याखाली: 'पण काका बाटली कधी चुकत नाहीत. म्हणून माझंच कुठेतरी चुकलं असणार. कुठे, ते सापडलं नाही.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांचा अभिमान त्यांनी आजवर साऱ्या गावाला ऐकवला होता. त्यावर आपलं वर्ष पणाला लावण्याइतका विश्वास ठेवणारी ही एकच निघाली, आणि तिलाच त्यांनी आज सातव्या नळीसाठी झापलं होतं. काकांना स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली म्हणून भीती गेली असं मात्र झालं नाही. घरी पोचल्यावर त्यांनी शर्टसुद्धा न बदलता बायकोला सगळं सांगितलं.

"कापडं धुवायला आणली म्हणून झालं हे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे माझ्या धुण्यावर आलं," बायको म्हणाली. "कुणाला कळलंय का?"

"कुणालाच नाही. आणि कळणारही नाही. उद्या त्याच बाटल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे ठेवल्या की झालं. मीठ मिठाच्या जागी जाईल. एकोणीस जणांची उत्तरं यादीशी जुळतायत, सर त्यांना पैकीच्या पैकी देणार."

"आणि विसावी?"

काका शर्टाचं बटण काढू लागले.

"तिचं वर्ष जाईल ना?"

"जाईल."

"मानपत्र किती मोठं आहे हो?" बायकोने विचारलं. काकांनी हातांनी दाखवलं. तिने पुढ्यातलं पोलकं उचललं, बाहीची शिवण बोटाने दाखवली. "ही बघा, तिरकी गेलीय. वरून इस्त्री फिरवली तर गिऱ्हाइकाला इथे कळणार नाही. पण घालून हात वर केला की काखेत टचकन उसवेल. मी आत्ताच उसवतेय." आणि ती खरंच उसवत बसली. नवऱ्याला उपदेश करायचा तिचा तोच प्रकार होता.

सकाळी काका विभागप्रमुखांच्या खोलीत गेले तेव्हा नवे सर तिथेच होते, निकाल घेऊन आलेले.

"विलक्षण बॅच आहे, सर," नवे सर सांगत होते. "एकोणीस जणांना पूर्ण गुण. एका मुलीला मात्र शून्य द्यावं लागलं. काहीतरी मीठबीठ लिहिलंय."

"सर, मीठच होतं ते," काका दारातूनच म्हणाले. "माझ्याकडून ट्रे बदलला. वीसच्या वीस बाटल्यांत मीठ होतं."

नव्या सरांच्या हातातला निकालाचा कागद खाली आला.

"वीसच्या वीस?" प्रमुख म्हणाले.

"होय सर."

"साधं?"

"साधं. आपण चिमूटभर वरून घेतो तेच."

नव्या सरांनी टापटीपचा पेपर उचलला आणि त्या तपकिरी कड्याच्या आकृतीकडे बघत राहिले. प्रमुख मात्र उठले. हे प्रमुख याच कॉलेजात शिकलेले. त्यांच्या विद्यार्थिदशेत बर्नरवर वाकून त्यांनी एक भुवई जाळून घेतली होती, आणि तिच्यावर मलम लावणारे हेच लिटमसकाका. प्रमुख प्रयोगशाळेत गेले, सात नंबरची बाटली घेतली आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने बर्नर पेटवला.

"भुवया सांभाळा, सर," काका सवयीने म्हणाले.

तार ज्योतीत गेली. ज्योत पिवळी झाली. पिवळीधमक. किरमिजी व्हायचं तिने नावसुद्धा घेतलं नाही. प्रमुखांनी पुन्हा एकदा तार घातली, मग बर्नर बंद केला.

"ही यादी किती वर्षं चालू आहे?" नव्या सरांनी हळूच विचारलं.

"अकरा," प्रमुख म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "काका, असं करू. त्या मुलीला पास करून टाकू. बाकीच्यांचं आहे तसं राहू दे. तुमचे तीन महिने राहिलेत, मानपत्र लिहून आलंय, सोनेरी कडा आहेत त्याला. कशाला उगाच शेवटी डाग? आपल्या तिघांतच राहील."

काकांना मोह झाला नाही असं म्हटलं तर ती थाप होईल. पहिल्या रांगेत बसलेले साडू त्यांना डोळ्यांपुढे दिसले. तोंडात 'बरं सर' येऊनही गेलं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"सर, त्या पोरीने लिहून दिलंय, की काका चुकत नाहीत, म्हणून मीच चुकले. तिला नुसतं पास केलंत तर ती जन्मभर तेच समजेल. पुढे डोळ्यांना दिसेल ते खोटं आणि यादीत असेल ते खरं म्हणेल. या एकोणिसांसारखी होईल. वर्गात जाऊन मलाच सांगावं लागेल."

आणि त्यांनी सांगितलं. फळ्यापुढे उभे राहिले, घसा खाकरला, रोजचं बोट आज नाचवलं नाही. "काल माझी चूक झाली. तुम्हा सगळ्यांना मी मीठ दिलं होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याला आपण काय लिहिलंय ते आठवलं असावं, कारण हसू मध्येच तुटलं. एकेकाची मान खाली जाऊ लागली. अमोनियाने डोळ्यांत पाणी आलेल्या मुलाच्या डोळ्यांत आता खरंच पाणी आलं.

टापटीप उभा राहिला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पण काका, बाटल्यांवर नंबर तर बरोबर होते ना?"

"नंबर बरोबर होते रे बाळा," काका म्हणाले, आणि त्यांना त्याचा राग आला नाही, कीव आली. त्या लख्ख नळ्यांचं कौतुक करून त्याला असा घडवण्यात आपलाही हात होता, हे त्यांना दिसत होतं. "नंबर बाहेर असतो. बघायचं आत असतं."

पणवाली शेवटच्या टेबलापाशी उभी होती. "पण काका," ती अडखळत म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"वीस जणांत तुझं एकटीचं बरोबर होतं. आणि काल मी तुला बोललो, ते माझं चुकलं."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. काकांनी इकडेतिकडे बघितलं, काही सुचेना, म्हणून तिला एक स्वच्छ परीक्षानळी आणून दिली.

सोमवारी फेरपरीक्षा झाली, एकोणीस जणांची. यादी नवी, ती प्रमुखांनी स्वतः केली आणि कुलपात ठेवली. ट्रेवर धुतलेलं निळं कापड होतं आणि बाटल्या काकांनी तीनदा तपासल्या होत्या. आणि काय सांगावं! त्या दिवशी प्रयोगशाळेत जो गोंधळ झाला तो एकतीस वर्षांत झाला नव्हता. पोरांना बर्नर पेटवता येईना. चार नळ्या फुटल्या. एकाने आम्ल नको तिथे ओतलं आणि सगळा वर्ग खोकत व्हरांड्यात पळाला. बेसिनं तुंबली. टापटीपच्या इस्त्रीच्या एप्रनवर पोटापासून गुडघ्यापर्यंत निळा ओघळ आला आणि त्याच अवतारात तो काकांपुढे येऊन उभा राहिला, डोळे विस्फारून.

"काका, ज्योत खरंच हिरवी होते! तुम्ही बघितलीय कधी? पण ती कडेला जास्त हिरवी का दिसते?"

"जा, सरांना विचार," काका म्हणाले. "आणि पुन्हा एकदा करून बघ."

त्या दिवशी पावणेपाचची बस गेली आणि साडेपाचचीही गेली. काका थांब्यावर सव्वासहाला पोचले, हातांना कसले कसले वास येत होते, आणि ते स्वतःशीच हसत होते. वर्तणुकीच्या बक्षिसासाठी त्यांनी पणवालीचं नाव दिलं. प्रमुख म्हणाले, "अहो, पण तिचं टेबल?" काका म्हणाले, "टेबल घाणच असतं सर, ते मी नाकारत नाही. टेबल मी पुसेन."

निरोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी मेहुणी आणि साडू. साडूंच्या शर्टाला दोन्ही पदकं. प्रमुखांनी सोनेरी कडांचं मानपत्र उलगडलं. नवं लिहून घ्यायला हवं, हे त्यांना आदल्या दिवशी आठवलं होतं, आणि यादीसारखीच यालाही सवड झाली नव्हती. ते धडाधड वाचत गेले आणि 'एकतीस वर्षांत' पाशी पोचल्यावर त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकही चूक न करता," ते पुटपुटले. मुलांमध्ये खसखस पिकली. साडूंनी मात्र ते नीट ऐकलं आणि कसनुसं तोंड करून टाळ्या वाजवल्या.

काकांनी मानपत्र हातात घेतलं. नमस्कार करून खाली उतरायचं होतं. पण ते टेबलापाशी गेले, मानपत्र त्यावर पसरलं आणि प्रमुखांकडे हात केला.

"सर, पेन द्या जरा."

खिशातून त्यांनी पट्टी काढली. 'एकही चूक न करता' या शब्दांखाली पट्टी टेकवली आणि मधोमध एक आडवी रेघ मारली. सरळ, खालचं वाचता येईल अशी. वर लहान अक्षरात लिहिलं, 'एक चूक करून'. शेजारी सही केली. पेनाला टोपण लावलं आणि साडूंकडे बघत मानपत्र उंच धरलं. बायकोने पदराने डोळे टिपले, आणि ती सोनेरी कडांसाठी रडत नव्हती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला.

"पण काका, तारीख राहिली."

काका लाल झाले. कानापासून मानेपर्यंत, पूर्वी व्हायचे तसे. काकांनी मानपत्र पुन्हा टेबलावर ठेवलं, टोपण काढलं आणि सहीखाली तारीख घातली.